झिरोताई आणि लाल तेलाचं पिंप

पेट्रोल पंपावरची झिरोताई म्हणून सगळा गाव जिला ओळखतो, ती माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो. कारण वादळानंतरच्या त्या पाच दिवसांत निम्मा गाव तिला चोर म्हणत होता आणि उरलेला निम्मा माझं तोंड बघून गप्प बसत होता. आता तेच लोक तिच्याबद्दल गोड गोड सांगत फिरतात. त्यांचं काही ऐकू नका. खरं काय ते मी सांगतो. माझं टायरचं दुकान पंपाच्या बरोबर समोर आहे, रस्ता ओलांडला की पंप. माझ्या नजरेतून तिथलं काही सुटत नाही.

मी सातवी शिकलो. वडील लवकर गेले, त्यांच्यामागे घर मी ओढलं. स्वतः शाळा सोडली, पण तिला दहावी केली. पंपावर नोकरीही मीच लावली. पंपाच्या मालकाच्या गाडीची चाकं माझ्याकडेच येतात, त्यांना म्हटलं, "मुलगी देतो, पण अशी देतो की पुन्हा दुसरी शोधायला लागणार नाही." चौदा वर्षं झाली. मालकानं दुसरी शोधली नाही.

झिरोताई नाव कसं पडलं तेही ऐका. पेट्रोल भरायच्या आधी आकडा शून्यावर असतो ना, तो बघा म्हणून सगळेच पंपवाले सांगतात. सांगतात आणि भरायला लागतात. ही तशी नाही. गिऱ्हाईक आकड्याकडे बघून स्वतःच्या तोंडानं 'बघितलं' म्हणत नाही, तोवर ही नळी दाबत नाही. एकदा एका मोठ्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर बोलत बसला होता. ही नळी हातात धरून उभी. मागे दहा गाड्यांचे हॉर्न.

"अहो ताई, भरा की! विश्वास आहे आमचा."

"विश्वास नको. बघा."

शेवटी त्याला फोन ठेवावा लागला. लोक चेष्टा करतात, रिक्षावाले तर लांबूनच ओरडतात, "बघितलं, बघितलं, बघितलं!" ही हसत नाही. आकड्याकडे बोट करते. मग रिक्षावाला मान वळवून खरंच बघतो.

सकाळचा तिचा नेम अजून वेगळा. सहाला पंपावर आली की आधी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडायचं, लांब पितळी काठी आत सोडायची, वर काढायची, कुठवर भिजली ते बघायचं, पुसून ठेवायची. मग उंच काचेच्या भांड्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं. रोज. ताप असला तरी. तिचा नवरा बोटीवर नोकरीला आहे, दहा महिन्यांनी एकदा घरी येतो. तो म्हणतो, "आल्याबरोबर मलाही काठी लावून बघते का काय अशी भीती वाटते." ती माझ्याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. भाडं मी घेत नाही. आता हे सांगायची गरज नव्हती, पण घेत नाही.

तर वादळ.

वादळ येणार हे दोन दिवस आधीपासून सांगत होते. आदल्या दिवशी दुपारी पंपावर टँकर उतरला. बारा हजार लिटर. रांग पार शाळेपर्यंत गेली. माझ्या दुकानात हवेचं मशीन आहे ते पेट्रोलवर चालतं. मी एक रिकामं लोखंडी पिंप हातगाडीवर टाकलं, रांगेत वगैरे न लागता सरळ तिच्यासमोर नेऊन उभं केलं.

ती म्हणाली, "दादा, पिंपात नाही देता येत. मालकाची चिठ्ठी लागते."

"मीच चिठ्ठी."

"दोन कॅन घेऊन ये. तेवढं देते."

"दोन कॅननं काय होतंय? वादळ येवो नाहीतर काहीही येवो, माझं दुकान बंद राहत नाही. भर."

रांगेतले सगळे बघत होते. खाली बघायची वेळ येऊ देणारा माणूस मी नाही. तिनं पिंपात डोकावून पाहिलं.

"यात गाड्यांत घालायचं लाल तेल होतं ना? धुतलंस?"

"निथळून काढलंय. मशीनला चालतं."

तिनं एकदा मागच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाली, "शून्य बघ."

"बघितलं."

पिंप भरलं. दोनशे लिटर. पैसे मी जागेवर मोजून दिले. चौदा वर्षांत तिनं चिठ्ठीशिवाय दिलेलं ते एवढंच एक पिंप.

त्या रात्री वाऱ्यानं पत्रे उडवले, झाडं झोपवली, आणि सकाळी नदी रस्त्यावर. पुलाकडचा रस्ता वाहून गेला, म्हणजे टँकर यायचा मार्ग बंद. वीज नाही. माझ्या दुकानात गुडघाभर पाणी. पंप उंचावर आहे म्हणून तो आणि त्याचा जनरेटर वाचला. पाण्यात टायर तरंगताहेत, पिंप डुलतंय, आणि मी ते कवटाळून उभा. एवढ्यात भंगारवाला आला. माझा वीस वर्षांचा दोस्त. त्याचं गोदाम चढावर आहे, कोरडं.

म्हणाला, "दादा, सासू फार आजारी आहे. पलीकडच्या दवाखान्यात न्यायचीय आणि गाडीत थेंब नाही. दोन लिटर दे."

दुकानासमोर चार माणसं उभी होती. मी म्हटलं, "दोन काय? पिंपच घेऊन जा. तुझ्या गोदामात ठेव, लागेल तेवढं काढ, पाणी उतरलं की परत आण."

त्या चौघांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं तुम्ही! असं मन कुणाचं असतं?

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. त्याच दिवशी पुरवठा खात्याचे साहेब पंपावर येऊन सांगून गेले की आता टाकीत जे आहे ते फक्त रुग्णवाहिका, माणसं काढणाऱ्या होड्या आणि झाडं कापायच्या यंत्रांसाठी. बाकी कुणाला एक थेंब नाही. आधीच्या गर्दीत बरंच गेलं होतं, राहिलेलं जपून वापरायचं होतं. बहिणीनं पंपाला आडवी दोरी बांधली आणि पाटी लावली, 'पेट्रोल नाही'.

इथंच चुकलं बघा. 'पेट्रोल राखून ठेवलंय' असं लिहायचं, तर मालकाचा मेहुणा, जो तिथं मॅनेजर म्हणून बसतो, तो म्हणाला, तसं लिहिलं तर लोक पंप फोडतील. म्हणून 'नाही' लिहिलं. आणि मी तिकडे चहाच्या टपरीवर दोन दिवस सांगत होतो की बारा हजार लिटर उतरलंय माझ्या डोळ्यांदेखत, माझी बहीण आहे तिथं, आपल्याला काय कमी आहे! मला काय माहीत लोक त्याचा हिशोब मांडणार.

तिसऱ्या दिवशी चौकात बाटल्या आल्या.

पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, त्यात पेट्रोल. एक अनोळखी बाई हातगाडीवर छत्री लावून बसली होती. भाव तिप्पट. दुपारी चौपट. लोक शिव्या देत होते आणि घेत होते. कुणाला लेकीकडे जायचंय, कुणाच्या गल्लीतलं पाणी उपसायचंय. दूधवाल्यानं दोन बाटल्या घेतल्या आणि माझ्या दुकानासमोर मुद्दाम थांबला.

"दादा, पंपावर नाही म्हणतात, चौकात आहे म्हणतात. हे जमिनीतून उगवतं का हो?"

"मला काय विचारतोस?"

"तसं नाही. तुमच्या घरातलंच माणूस आहे ना तिथं."

मी हातातला टायर खाली टाकला. त्यानं गाडी सुरू केली आणि गेला. पण बोलून गेला.

मग मी नजर ठेवायला लागलो. दुकानाच्या दारात स्टूल टाकलं आणि बसलो. एरवी माझ्या दुकानात सहा माणसं गप्पा मारत असतात. त्या दिवशी एकही आला नाही. दारासमोरून जाताना गप्प, पुढे गेले की कुजबुज. मला पहिल्यापासून संशय मेहुण्यावर. टाकीच्या झाकणाच्या कुलपाला दोन किल्ल्या, एक बहिणीकडे आणि एक त्याच्याकडे. गावात सगळ्यांच्या गाड्या ढकलत चालल्यात आणि याची स्कूटर मजेत फिरतेय. वर काळा चष्मा. ऊन नाही, पाऊस नाही, कशाला पाहिजे चष्मा? डोळे लपवणारा माणूस आणखी काय काय लपवतो, हे मला कुणी शिकवायला नको.

पण तो झाकणाजवळ काही फिरकेना. फिरकत होती ती बहीण. सकाळी काठी घालायची हे ठीक. आता दुपारीही घालायला लागली, संध्याकाळीही. झाकण उघडायची, काठी घालायची, बघायची. मग उभी राहायची आणि मान वर करून माझ्या दुकानाकडे बघायची. माझ्याकडे नाही, दुकानाकडे. आत, अंधारात, पिंप ठेवायचो त्या कोपऱ्याकडे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ही काय बघते? आपण बघतोय का, हे बघते?

स्वतःच्या बहिणीबद्दल असं मनात आलं म्हणून मी स्वतःला दोन शिव्या घातल्या. पण आलेलं जाईना. विकत नाही तर तीन तीन वेळा मोजते कशाला? बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्हाला वेड लागलंय. ती आपल्या भाजीवाल्याला दहा पैसे परत करायला उन्हातून जाते."

"म्हणूनच," मी म्हटलं. "अशांवर कुणी संशय घेत नाही."

"आणि तुम्ही घेता."

मी जेवणावरून उठलो.

चौथ्या दिवशी दुपारी घरातलं पिण्याचं पाणी संपलं म्हणून मी वर तिच्या खोलीत हंडा घ्यायला गेलो. ती पंपावर होती. किल्ली आमच्याकडे असतेच. दार उघडलं आणि वास आला. तिच्या अंगाला पेट्रोलचा वास कायम असतो, तीन तीनदा हात धुते तरी जात नाही, पण हा तसला नव्हता. हा ताजा होता. ओट्याखाली वाकलो. पडद्यामागे चार बाटल्या. चौकात होत्या तसल्याच. भरलेल्या. प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवून वार लिहिलेला.

मी तिथंच फरशीवर बसलो. चौदा वर्षं. शून्य बघा, शून्य बघा. आणि ओट्याखाली दुकान!

खाली गेलो नाही. संध्याकाळी ती येईपर्यंत तिथंच बसून राहिलो. ती आली, मला बघितलं, बाटल्या माझ्यासमोर मांडलेल्या बघितल्या. पिशवी टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"बाटल्या."

"ते दिसतंय मला. कुठून आल्या?"

"चौकातून. विकत आणल्या. दोन दोन रोज, शेजारणीला पाठवून."

मी हसलो. "पंपावरची बाई चौकातून चौपट भावानं पेट्रोल विकत घेते. हे मी पोरांना सांगितलं तर पोरंसुद्धा हसतील."

ती चिडली नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. समोर बसली आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दादा, तुझं पिंप कुठंय?"

"विषय बदलू नकोस."

"पिंप कुठंय? दुकानात नाहीये. मी रोज बघते."

"सुरक्षित आहे."

"कुठं?"

"तुला काय करायचंय? माझ्या पैशानं घेतलंय. माझं पिंप मी कुठंही ठेवीन. चौकशी माझी करायची का आता? मी तुला शिकवलं, मी तुला इथं लावलं—"

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच विचारते."

आणि बाटल्या उचलून एकेक करून परत ओट्याखाली ठेवल्या.   मी जिना उतरलो तो असा की शेजाऱ्यांना प्रत्येक पायरी ऐकू आली असेल.

पाचव्या दिवशी सकाळी पंपावर माणसं जमली. शंभर तरी असतील. दूधवाला पुढे, रिक्षावाले मागे, शाळेतले गुरुजीसुद्धा होते. पुरवठा खात्याच्या साहेबांना कुणीतरी बोलावून आणलं होतं. मेहुणा काळा चष्मा काढून कोपऱ्यात उभा. माझी बहीण दोरीच्या आत, पितळी काठी हातात धरून, एकटी. मी रस्त्याच्या या बाजूला. गेलो नाही. आधी गेलो नाही, हे कबूल करतो. मला वाटलं, आता झाकण उघडणार आणि माझं नाक कापलं जाणार. ते जवळून बघायला कशाला जायचं? पण पाय थांबले नाहीत. गेलोच.

साहेब म्हणाले, "काठी मला द्या."

"द्यायची नाही," ती म्हणाली. "तुमच्यासमोर मी घालते, वाचा तुम्ही."

साहेब हसले, पण वाचलं त्यांनीच. रुग्णवाहिकेला किती, होडीला किती, करवतीला किती, प्रत्येकाची सही असलेला कागद तिच्याकडे होता. एकूण वजा केलं. टाकीत जेवढं असायला पाहिजे तेवढंच होतं. बोटाच्या पेराचाही फरक नाही. गुरुजींनी पुन्हा वाचलं. दूधवाल्यानं वाचलं. त्याला वाचता येत नाही, तरी वाचलं.

मी मान वर केली. छाती आपोआप पुढे आली. कुणाची बहीण आहे!

पण लोक काही हलेनात. दूधवाला म्हणाला, "बरं, टाकी बरोबर आहे. मग चौकात येतं ते कुठून? पूल तुटलाय. दुसरा पंप नाही. आकाशातून पडतं का?"

"पंपातूनच येतं!" मागून कुणीतरी ओरडलं. "काठीला काय, पाणी घातलं तरी काठी भिजते!"

 ती आत गेली, काचेची दोन उंच भांडी आणली. एकात टाकीतलं पेट्रोल काढलं. पिशवीतून एक बाटली काढली, चौकातली, ती दुसऱ्या भांड्यात ओतली. दोन्हींच्या मागे पांढरा कागद धरला.

"बघा."

शंभर माणसं वाकली. टाकीतलं पिवळट होतं, स्वच्छ. चौकातलं लालसर. पाण्यात रक्ताचा थेंब पडावा तसं.

"रोजची बाटली अशीच आहे. सगळ्या एकाच जागच्या. आमच्या टाकीतून थेट आलेलं हे नाही."

मेहुणा ओरडला, "बघा! बघा! म्हटलं नव्हतं मी!" त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "मग हे कुणाचं? तुम्हाला कळलंय, तुमच्या तोंडावरून दिसतंय."

तिनं पांढऱ्या कागदाची घडी घातली.

"ताई, माहिती लपवणं हाही गुन्हा आहे."

"सांगणार नाही," ती म्हणाली.

आणि झालं. पुन्हा सगळ्यांचे डोळे बदलले. लपवतेय म्हणजे सामील आहे. कुणीतरी दोरी ओढली, ती तुटली. ती मागे सरकली नाही. खाली बघत उभी. आणि त्या लाल भांड्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. लाल तेल. निथळून काढलंय, मशीनला चालतं. ते माझं पिंप होतं. पहिली बाटली पाहिल्यापासून तिला माहीत होतं की हे माझं पिंप आहे. मी तिच्या खोलीत तिला चोर समजत बसलो होतो आणि ती समोर बसून मला चोर समजत होती. एकाच आईची लेकरं आम्ही. फरक एवढाच की मी लगेच बोललो आणि ती शंभर माणसांसमोरही बोलली नाही.

तिला वाटत होतं मी विकतोय. मी! तिच्यासाठी शाळा सोडणारा!

हे मनात आलं आणि पुढचं माझ्या तोंडातून एवढ्या मोठ्यानं निघालं की पत्र्यावरची कबुतरं उडाली असती, पत्रे उरले असते तर.

"ते पिंप माझं आहे!"

सगळे वळले.

"वादळाच्या आदल्या दिवशी मी भरून घेतलं. मी तिला भरायला लावलं. चिठ्ठी नव्हती. ती नको म्हणत होती. विकलं मी नाही, माझी तेवढी लायकी कुणी काढू नका. मी ते एका दोस्ताला ठेवायला दिलं. त्याची सासू आजारी आहे म्हणून."

"कोण दोस्त?"

"भंगारवाला."

गर्दीतून माझ्या बायकोचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती देव जाणे. "अहो, भंगारवाल्याची सासू चार वर्षांपूर्वी गेली! तुम्ही स्वतः मयताला गेला होतात! येताना चप्पल बदलून आणलीत!"

आता या गोष्टीवर लोक आजही हसतात. हसू देत. माणूस मोठ्या मनाचा असला की बारीकसारीक लक्षात राहत नाही.

साहेब, गुरुजी, दूधवाला, मी, सगळे गोदामावर गेलो. दार आतून बंद होतं, मी खांद्यानं उघडलं. एका धक्क्यात. पिंप विटांवर आडवं ठेवलेलं, खाली नरसाळं, भिंतीला लावून भरलेल्या बाटल्या ओळीनं. छत्रीवाली बाई त्याची चुलत मेहुणी निघाली. भंगारवाला मला बघून म्हणाला, "दादा, तुझा अर्धा वाटा बाजूला ठेवला होता. शपथ."

सगळ्या लोकांसमोर! अर्धा वाटा! त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता मी. साहेबांनी धरला नसता तर... असो. त्याला घेऊन गेले. उरलेलं पेट्रोल होड्यांच्या इंजिनांना गेलं, पिंप जप्त.

मला वाटलं, संपलं. पंपावर परत आलो तर साहेब कागद काढून बसले होते.

"चिठ्ठीशिवाय पिंप कुणी भरलं?"

"मी भरायला लावलं," मी म्हटलं.

"ते झालं. भरलं कुणी?"

"मी," बहीण म्हणाली. आवाज अगदी रोजचा. शून्य बघा म्हणते तसा.

"मग चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. नियम आहे ताई, माझा नाइलाज आहे."

मी साहेबांना काय काय बोललो ते लिहीत नाही. मालकाला फोन लावतो म्हटलं, मालकाच्या गाडीची चाकं कोण बघतो ते सांगितलं. साहेबांनी नुसती मान हलवली. तिनं किल्ली मेहुण्याच्या हातात दिली. पितळी काठी पुसली, जागेवर टांगली, पुन्हा एकदा पुसली. दूधवाला समोरून बाजूला झाला. तिला जायला वाट दिली. 

घरी येताना मी तिच्या मागे चार पावलं. जिन्यापाशी ती थांबली.

"मला वाटलं तूच विकतोयस," ती म्हणाली. "पिंप कुठंय विचारलं तेव्हा सांगितलं असतंस तर..."

"आणि मला वाटलं तू."

"माहितेय."

वर गेली. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्पुरत्या रस्त्यावरून टँकर आला. पंप सुरू झाला, जुन्याच भावानं. सहा वाजता मी दुकान उघडून स्टूल टाकलं. रांग होतीच. नळीवर मेहुणा, चष्मा नाही. पहिल्या पाच-सहा गाड्या त्यानं भराभर भरल्या. आणि सातवी गाडी म्हणजे माझी बहीण. आमच्या घरची जुनी स्कूटर ढकलत आणलेली, डोक्याला रुमाल, रांगेत सगळ्यांसारखी.

मेहुण्यानं नळी टाकीत घातली.

"शून्य," ती म्हणाली.

"अहो ताई, तुम्हीसुद्धा आता—"

"शून्य दाखवा."

त्यानं नळी बाहेर काढली, आकडा शून्यावर आणला. तिनं वाकून बघितलं. "बघितलं." तिच्या मागे रिक्षावाला होता. मेहुण्यानं त्याची नळी लावली तसा तो म्हणाला, "शून्य." त्याच्या मागचाही म्हणाला. मेहुण्याच्या कपाळावर घाम. त्या सकाळी प्रत्येक गाडीला तीन मिनिटं लागली आणि एकही हॉर्न वाजला नाही.

ती स्कूटर घेऊन सरळ रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. मागचं चाक बसलं होतं. "हवा भर," म्हणाली.

मशीनला पेट्रोल नव्हतं. सगळ्या गावाला द्यायला होतं, माझ्या मशीनला नव्हतं. मी पायाचा पंप काढला आणि मारायला लागलो. या वयात. घाम निथळला. चाक भरलं, मी व्हॉल्व्हला मापाचं घड्याळ लावलं आणि म्हटलं, "झालं. बरोबर आहे."

ती हलली नाही. उभी राहिली.

मग मी घड्याळ तिच्याकडे वळवलं.

"बघ," मी म्हटलं.

ती वाकली. काटा कुठं आहे ते नीट बघितलं, डोळे बारीक करून, टाकीची काठी बघते तसं.

"बघितलं," म्हणाली, आणि हवेचे पैसे माझ्या हातावर ठेवून गेली.